गाठीची बायोप्सी: ‘डॉक्टरांना दाखवा’ याच्या पुढचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर महिना आला की स्तनांच्या कर्करोगाविषयी वर्तमानपत्रांतून भरपूर मजकूर येतो. गाठ हाताला लागली, कातडीला खळी पडली, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आला तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा, असं त्यात ठळक छापलेलं असतं. ते योग्यच आहे. पण मजकूर तिथे संपतो आणि वाचणारीची खरी भीती तिथून सुरू होते. डॉक्टर तपासतात, सोनोग्राफी होते आणि चिठ्ठीवर ‘बायोप्सी’ हा शब्द येतो, म्हणजे सुईने गाठीचा बारीकसा नमुना काढून तो तपासणं. त्या शब्दापाशी अनेक जणी आठवडेच्या आठवडे, कधी महिने अडून राहतात. त्या खोलीत नेमकं काय करतात हे कुणी सांगितलेलं नसतं. कानावर आलेलं असतं ते एवढंच, की गाठीला डिवचलं की ती चवताळते. स्तनांच्या आजारांवर काम करणारे आम्ही काही डॉक्टर, तंत्रज्ञ आणि परिचारिका हे पत्र त्या खोलीविषयी लिहीत आहोत.

आधी त्या डिवचण्याविषयी. सुई बाहेर काढताना तिच्या वाटेवर काही पेशी सांडू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसलेल्याही आहेत आणि हे लपवण्याचं कारण नाही. पण अशा सांडलेल्या पेशी बहुतेक मरून जातात. त्या रुजून तिथे नवी गाठ होणं फार विरळा. शिवाय सुईची वाट बहुधा पुढच्या शस्त्रक्रियेच्या किंवा रेडिएशनच्या टापूत येतेच. सुईने तपासणी झाली म्हणून स्त्रियांचं आयुष्य कमी झालं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. मग हा समज टिकतो कशावर? बायोप्सीनंतर गाठीभोवती थोडं रक्त साकळतं आणि आठ-पंधरा दिवस ती हाताला मोठी, टणक लागते. ती सूज असते, पण घरच्यांना वाटतं गाठ वाढली. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. तपासणी होते, पण रिपोर्ट घेऊन कुणी परत येत नाही किंवा उपचार लांबत जातात. कर्करोग असेल तर तो त्या काळात आपल्या गतीने वाढतो आणि दोष मात्र सुईच्या माथी जातो.

गाठ लागली म्हणजे लगेच सुई, असंही नसतं. आधी हाताने तपासणी, मग सोनोग्राफी आणि वय व लक्षणांनुसार मॅमोग्राफी, त्यानंतर गरज असेल तर सुई. हा क्रम पाळायला हवा. सुई आधी टोचली तर साकळलेलं रक्त फोटोत गाठीसारखं दिसू शकतं आणि गाठीचं मापही चुकतं. सोनोग्राफीत निव्वळ पाण्याची साधी गाठ दिसली तर बायोप्सीची गरजच नसते. ती दुखत असेल तर बारीक सुईने पाणी काढून टाकतात. ते पिवळसर किंवा हिरवट असेल तर चिंता नाही. रक्तमिश्रित असेल किंवा पाणी काढल्यावरही खाली काही घट्ट उरलं असेल, तर मात्र पुढची तपासणी हवी.

फोटोच्या रिपोर्टच्या शेवटी ‘बायरॅड्स’ असा शब्द आणि पुढे एक आकडा असतो. तो शक्यतेचा आकडा आहे. २ म्हणजे निरुपद्रवी. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, तिथे सहसा सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढतात. ४ चा पट्टा २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत पसरलेला, म्हणून त्याचे ए, बी, सी असे भाग केलेले असतात. ४ए म्हणजे १० टक्क्यांपर्यंत, ४बी म्हणजे ५० पर्यंत, त्यावर ४सी. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा जास्त. चौथ्या स्टेजशी या ४ चा काहीही संबंध नाही, हे डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवं. आणि आकडा ५ असला तरी नुसत्या फोटोवर उपचार सुरू करता येत नाहीत. गाठीतल्या पेशी कोणत्या औषधाला दाद देतील हे फोटो सांगत नाही. क्षयाची गाठ किंवा स्तनाचा एक जुनाट दाह, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, फोटोत कधी कधी हुबेहूब कर्करोगासारखे दिसतात. अशा वेळी तो तुकडाच एखादीला चुकीच्या शस्त्रक्रियेपासून वाचवतो.

सुया दोन प्रकारच्या. एक बारीक, रक्त काढतात तशी, २२ ते २५ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक). तिने पेशी ओढून काचेवर पसरतात. ही एफएनएसी. झटपट होते, स्वस्त असते आणि काखेतल्या लसीकाग्रंथीसाठी आजही कामाची आहे. पण तिच्यात सुट्या पेशी येतात, त्यांची मांडणी येत नाही. कर्करोग दुधाच्या नळीच्या आतच आहे की नळी फोडून बाहेर आला आहे, हे त्यावरून ठरत नाही. दुसरी सुई जाडसर, बहुधा १४ गेजची, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर जाडीची. तिने आगपेटीच्या काडीहून बारीक आणि दीड-दोन सेंटिमीटर लांब असा सलग तुकडा निघतो. ही कोअर बायोप्सी, लोकांच्या भाषेत ‘ट्रूकट’. स्तनातल्या संशयास्पद गाठीसाठी पहिली तपासणी हीच असावी, असं आमचं ठाम मत आहे. मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक कण दिसले आणि हाताला काहीच लागत नसेल, तर ७ ते ११ गेजची, हवेच्या ओढीने तुकडे खेचणारी व्हॅक्यूम सुई वापरतात. कातडी लाल, जाड झाली असेल किंवा स्तनाग्रावर न भरणारी, खपल्या धरणारी जखम दिसत असेल तर तीन-चार मिलिमीटरचा कातडीचा गोल तुकडा घेतात. हे सगळं पुरुषांनाही लागू आहे. त्यांना हा कर्करोग क्वचित होतो, पण होतो.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं ती. ‘सुई वगैरे नको, गाठच काढून टाका आणि मग तपासा’ असं पेशंटकडून, घरच्यांकडून आणि दुर्दैवाने काही डॉक्टरांकडूनही ऐकू येतं. वरवर ते समंजस वाटतं, एका झटक्यात सुटका. पण गाठ निरुपद्रवी निघाली तर भूल, चिरा, व्रण आणि खर्च सगळं विनाकारण झालं. ती कर्करोगाची निघाली तर नुकसान कितीतरी मोठं आहे. निदान ठाऊक नसताना काढलेल्या गाठीभोवती निरोगी भागाची पुरेशी कड ठेवलेली नसते, म्हणून दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. पहिला चिरा चुकीच्या जागी किंवा चुकीच्या दिशेने दिलेला असेल तर स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया अवघड होते. काही प्रकारच्या कर्करोगात आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया हा क्रम हिताचा असतो, कारण गाठ औषधाने किती विरघळली हे पाहून पुढची औषधं ठरवता येतात. गाठच नाहीशी केली तर मोजायचं काय? म्हणून कुणी थेट गाठ काढायला सांगितलं तर ‘आधी कोअर बायोप्सी का नाही?’ असा सरळ प्रश्न विचारावा. कधी कधी त्याला खरं उत्तर असतं. गाठ सुई पोचणार नाही अशा अवघड जागी असते, किंवा सुईचा निष्कर्ष आणि फोटो जुळलेले नसतात. उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे विचारायला हरकत नाही.

तयारी फारशी लागत नाही. जागा बधिर करूनच हे काम होतं, त्यामुळे बहुधा उपाशी राहावं लागत नाही. उलट थोडं खाऊन जाणं बरं, रिकाम्या पोटी भीतीने भोवळ येण्याचा संभव जास्त. कपडे पुढून उघडणारे, दोन भागांत असावेत आणि सोबत घट्ट बसणारी ब्रा असावी. सोबतीला कुणी असावं. मॅमोग्राफीच्या यंत्राखाली बायोप्सी असेल तर काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, त्यातले कण फोटोत चुन्यासारखे दिसू शकतात. सगळ्यांत महत्त्वाचं, रक्त पातळ करणारी औषधं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा त्या जातीचं काहीही चालू असेल तर आधीच सांगावं, पण स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने गोळी परस्पर थांबवण्यात सुईच्या रक्तस्रावापेक्षा मोठा धोका आहे. बहुतेक वेळा या गोळ्या चालू ठेवूनही कोअर बायोप्सी करता येते. भुलेच्या इंजेक्शनची, चिकटपट्टीची किंवा रबराच्या मोज्यांची अ‍ॅलर्जी असेल तर तीही सांगावी. गरोदरपणातही सोनोग्राफीखालची बायोप्सी करता येते, बाळंतपणापर्यंत थांबू नये. अंगावर पाजणाऱ्या आईने आधी बाळाला पाजून स्तन रिकामा करून यावा. अशा स्तनात सुईच्या वाटेने दूध झिरपत राहण्याचा त्रास क्वचित होतो, तेवढं माहीत असावं.

खोलीत गेल्यावर उताणं किंवा किंचित कुशीवर झोपवतात, त्या बाजूचा हात डोक्याखाली. सोनोग्राफीने गाठ पुन्हा शोधून तिची जागा घड्याळाच्या आकड्यांत सांगतात. उदाहरणार्थ, उजवा स्तन, १० वाजता, स्तनाग्रापासून ४ सेंटिमीटर. कोणत्या बाजूची गाठ हे या वेळी पेशंटने स्वतः मोठ्याने सांगावं आणि ते संमतीपत्राशी ताडून पाहावं. मग कातडी जंतुनाशकाने पुसतात, ती गार लागते. त्यानंतर बारीक सुईने लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध. सगळ्या प्रकारात जास्तीत जास्त झोंबतं ते हेच, काही सेकंद चुरचुरतं, कारण औषध आम्लधर्मी असतं. त्यात थोडा सोडा-बायकार्ब मिसळला आणि ते सावकाश सोडलं तर चुरचुर बरीच कमी होते. हे करायला वेळही लागत नाही, तरी ते करायचं अनेकदा राहून जातं, याची आम्हाला खंत आहे. औषध आधी कातडीखाली आणि मग गाठीपर्यंतच्या वाटेवर देतात, नंतर दोन-तीन मिनिटं थांबतात. ही मिनिटं घाईत कापली गेली की पेशंटला दुखतं. भूल वेदना घालवते, दाब आणि ओढ घालवत नाही. आत काहीतरी ढकललं जातंय, हे कळणारच. पण टोचलं, दुखलं तर निःसंकोच सांगावं, आणखी औषध देता येतं. सोसत पडून राहण्याची काही गरज नाही.

कातडीला दोन ते चार मिलिमीटरची बारीक चीर देतात. तीतून सुई आत जाते आणि तिचं टोक सोनोग्राफीच्या पडद्यावर सतत दिसत असतं. सुई छातीच्या भिंतीला समांतर ठेवतात, म्हणजे खाली फुप्फुसाकडे जाण्याचा प्रश्न येत नाही. बायोप्सीच्या बंदुकीत स्प्रिंग असते. बटण दाबलं की सुई दोनेक सेंटिमीटर झटक्यात पुढे जाते आणि स्टेपलरसारखा मोठा ‘टक्क’ आवाज होतो. दचकायला होतं ते या आवाजाने, आणि दचकून हललं की नेम चुकतो. म्हणून तो आवाज आधी हवेत एकदा काढून दाखवायला सांगावं. तुकडे साधारण चार ते सहा घेतात, एकच पुरत नाही, कारण गाठीचे सगळे भाग सारखे नसतात. अख्ख्या भेटीला अर्धा-पाऊण तास लागतो, प्रत्यक्ष सुईचं काम काही मिनिटांचं.

चुन्याच्या कणांची बायोप्सी निराळी. त्यात स्तन मॅमोग्राफीच्या यंत्रात दाबून धरतात आणि दोन कोनांतून फोटो काढून संगणक खोली मोजतो. पेशंट बसलेली असते किंवा भोक असलेल्या टेबलावर पालथी. तितका वेळ न हलता राहणं हाच त्यातला खरा त्रास, त्यामुळे पाठदुखी किंवा मानदुखी असेल तर आधी सांगावं. काढलेल्या तुकड्यांचा लगेच एक्स-रे घेऊन चुना त्यात आला की नाही ते बघतात. आला नसेल तर सुई भलतीकडे गेली, पुन्हा घ्यावे लागतात. अशा बायोप्सीत, किंवा गाठ लहान असेल अथवा पुढे केमोथेरपीने विरघळण्याची शक्यता असेल तर, त्या जागी दोन-तीन मिलिमीटरची टायटॅनियमची खूण सोडतात. ती टोचत नाही, गंजत नाही, एमआरआयलाही चालते. ती नसेल तर गाठ विरघळल्यावर सर्जनला नेमकी जागा सापडत नाही.

यानंतरचा दुवा पेशंटच्या डोळ्यांआड असतो आणि तिथेच बरंच बिघडतं. तुकडे लगेच, फार तर तासाच्या आत, १० टक्के फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडे टिकवून ठेवणाऱ्या द्रवात, पडले पाहिजेत. तुकड्यांच्या निदान दहापट फॉर्मलिन हवं आणि तुकडे त्यात ६ तासांपेक्षा कमी किंवा ७२ तासांपेक्षा जास्त राहू नयेत. कोरडे ठेवले, पाण्यात किंवा सलाइनमध्ये टाकले तर पेशी कुजू लागतात आणि हॉर्मोनची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे ज्या साध्या गोळीने वर्षानुवर्षं संरक्षण मिळालं असतं ती गोळीच लिहिली जात नाही. बाटली नातेवाइकांच्या हाती देऊन प्रयोगशाळेत पाठवत असतील तर तीवर नाव, वय, कोणता स्तन, घड्याळातली जागा आणि तुकडे किती वाजता घेतले ते लिहिलेलं आहे ना, हे पाहून मगच निघावं. सुटीच्या आदल्या संध्याकाळी दिलेली बाटली तीन दिवस कोपऱ्यात पडून राहू शकते, हेही लक्षात असू द्यावं.

सुई काढल्यावर परिचारिका दहा मिनिटं जागा घट्ट दाबून धरते. मोबाइल पाहत अधूनमधून नव्हे, सलग दहा मिनिटं. रक्त साकळून मोठी गाठ होणं टाळणारी ही सगळ्यांत उपयोगी गोष्ट आहे. टाका लागत नाही, कागदी पट्टी लावतात. घरी गेल्यावर पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं, रात्रीही घट्ट ब्रा, दुखलं तर पॅरासिटामॉल. वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन नको. दुसऱ्या दिवशी आंघोळ चालते. एक-दोन दिवस जड उचलू नये, पण हात बांधून बसायचंही कारण नाही. काळंनिळं होतं, ते खाली उतरतं, मग हिरवट-पिवळं होत पंधरा दिवसांत जातं. दाबूनही न थांबणारं रक्त, भराभर वाढणारी ताठ सूज, ताप, पू किंवा पसरत जाणारी लाली, धाप लागणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी परत जावं. हे फार थोड्या जणींना होतं.

रिपोर्टला काही दिवस लागतात. कर्करोग आढळला तर ईआर, पीआर (गाठ हॉर्मोनला दाद देते का) आणि हर-टू (पेशींवर त्या नावाचं वाढीचं प्रथिन जास्त आहे का) या तपासण्यांना आणखी काही दिवस, आणि हर-टूचं उत्तर ‘२ प्लस’ असं अधांतरी आलं तर फिश नावाची आणखी एक तपासणी. उशीर होतोय म्हणजे काहीतरी वाईट निघालं, असं मानू नये. रिपोर्ट हाती आल्यावर दोन शब्द घरोघरी घोटाळा करतात. पहिला ‘ग्रेड’. नळ्यांची रचना, केंद्रकांचा आकार आणि पेशींच्या विभाजनाचा वेग यांना प्रत्येकी १ ते ३ गुण देऊन बेरीज करतात. ८ किंवा ९ आली तर ग्रेड ३. पेशी किती बिघडल्या आहेत याचं ते माप आहे, रोग किती पसरला याचं नाही. ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. दुसरा शब्द ‘पॉझिटिव्ह’. ईआर पॉझिटिव्ह ही बहुतेक वेळा दिलाशाची बाब आहे, कारण त्यावर हॉर्मोनरोधक गोळ्या चालतात.

रिपोर्ट निरुपद्रवी आला तरी एक काम उरतं. फायब्रोअ‍ॅडेनोमासारखं नाव आणि तशीच दिसणारी सोनोग्राफी असेल तर विषय बहुधा तिथे मिटतो. पण फोटो ५ म्हणत असेल आणि तुकड्यात नुसती चरबी किंवा सर्वसाधारण ऊतक आलं असेल, तर सुई गाठीत लागलीच नाही असं धरून बायोप्सी पुन्हा करायला हवी. ‘काही नाही निघालं’ म्हणून आनंदाने घरी जाण्यासारखा तो रिपोर्ट नाही. ‘अ‍ॅटिपिकल डक्टल हायपरप्लेझिया’ असं आलं तर तो कर्करोग नव्हे, तरी बहुतेकदा तो भाग काढून तपासावा लागतो, कारण शेजारी काही दडलेलं असू शकतं. फायब्रोअ‍ॅडेनोमा म्हटलेली गाठ भराभर वाढू लागली तर ती फिलॉइड्स जातीची, म्हणजे तशीच दिसणारी पण कधी कधी कर्करोगाची निघणारी, नाही ना, हे पाहावं लागतं. म्हणून फोटो काढणारे, तुकडा तपासणारे आणि उपचार करणारे या तिघांची मतं जुळली का, हा प्रश्न पेशंटने विचारावा, आणि तो विचारल्याबद्दल कुणी रागावू नये.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही. मेणात बसवलेले तुकड्यांचे ब्लॉक, काचा आणि फोटोंची सीडी किंवा फिल्म प्रयोगशाळेकडून रीतसर सही करून मागता येतात. ब्लॉक उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नयेत, मेण वितळतं. काचा फुटणार नाहीत अशा डबीत न्याव्यात, दुसरीकडचं काम झालं की ब्लॉक परत घ्यावेत आणि उपचार संपल्यावरही जपून ठेवावेत.

आपले,
स्तनविकारांवर काम करणारे काही डॉक्टर, तंत्रज्ञ व परिचारिका